अठरा हजार माणसांची मूर्ती आणि तिची मशाल

तुमचे प्रश्न तीन आहेत. माणसं उभी करून केलेला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा तो जुना काळा-पांढरा फोटो खरा आहे की संगणकावर जुळवलेला? खरा असेल तर १९१८ साली, ड्रोन नसताना, तो काढला कसा? आणि तुमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात बाराशे मुलं घेऊन असं काही करता येईल का? शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर अशा मानवी रचना आखणं आणि त्यांचे फोटो काढणं हे काम मी तीस वर्षं करतोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फोटो शंभर टक्के खरा आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डे मॉइन शहराजवळ कॅम्प डॉज नावाची लष्करी छावणी होती. १९१८ च्या जुलै महिन्यात तिथे १८,००० अधिकारी आणि जवान उभे करून तो काढला. काढणारे दोघे: आर्थर मोल आणि जॉन थॉमस. मोल मूळचा इंग्लंडचा, जन्म १८८९ चा. शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी झायन नावाचं गाव आहे. एका ख्रिस्ती पंथाने आपल्या अनुयायांसाठी वसवलेलं हे गाव. तिथे मोलचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता, आणि थॉमस तिथल्या चर्चच्या गायनवृंदाचा प्रमुख होता. ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. शेकडो माणसांना ओळीत उभं करून एका इशाऱ्यावर हलवायची सवय एकाला, आणि भिंगातून मोजमाप करायची दुसऱ्याला. सुरुवातीला त्यांनी चर्चच्याच मंडळींना घेऊन क्रूस, मुकुट अशा आकृत्या केल्या.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि देशभर प्रचंड छावण्या उभ्या राहिल्या. एकेका छावणीत वीस-तीस हजार तरुण, सगळे सारख्या कपड्यांत, सगळे हुकूम पाळणारे. मोल-थॉमसना याहून चांगलं साहित्य कुठे मिळणार होतं? मग दोन-अडीच वर्षांत त्यांनी कामांची रांग लावली. ओहायोतल्या कॅम्प शर्मनमध्ये २१,००० जवानांचा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा चेहरा. न्यू जर्सीच्या कॅम्प डिक्सला २५,००० जणांची लिबर्टी बेल, म्हणजे ती तडा गेलेली प्रसिद्ध घंटा. मिशिगनच्या कॅम्प कस्टरमध्ये ३०,००० जणांची ढाल. जॉर्जियात कॅम्प गॉर्डनला १२,५०० जणांचा गरुड, त्यात परिचारिकाही होत्या. तिथल्याच कॅम्प हॅनकॉकमध्ये २२,५०० माणसं आणि ६०० मशीनगन मांडून मशीनगन दलाचं बोधचिन्ह. युद्ध थांबल्यावरही हे चालू राहिलं. १३ जानेवारी १९१९ ला व्हर्जिनियाच्या कॅम्प लीमध्ये १९,००० जणांचा ‘अंकल सॅम’, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक मानला जाणारा तो म्हातारा, झाला. यांतले बरेच प्रिंट वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती कुणालाही बघता येतात. मोबाईलवर फिरणारी धुरकट प्रत सोडा आणि तिथली मोठी प्रत उघडा. खरं-खोटं तिथेच कळेल.

ती प्रत उघडलीत की आधी चित्राचा खालचा काठ मोठा करून बघा. तिथली माणसं मोजता येतात. टोपी, खांदे, हात कळतात. मग हळूहळू वर सरका. खांद्यापाशी माणसं ज्वारीच्या दाण्याएवढी होतात, हातापाशी मोहरीएवढी, आणि ज्योतीत पोचलात की नुसती रवाळ पांढुरकी छटा उरते. खोटा फोटो जुळवणारा माणूस सगळीकडे सारखे ठिपके टाकतो. इथे ठिपका अंतराप्रमाणे लहान होत जातो, ही पहिली खूण.

दुसरी खूण छायाचित्राबरोबर छापलेल्या मोजमापात आहे, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. त्यात लिहिलंय: पायथ्यापासून खांद्यापर्यंत १५० फूट. उजवा हात ३४० फूट. चेहरा ६० फूट, नाक २१ फूट. आणि मशाल व ज्योत मिळून ९८० फूट! माणसांचा हिशोब तर आणखी थक्क करणारा आहे. ज्योतीत १२,०००, मशालीत २,८००, उजव्या हातात १,२००, आणि डोकं, धड, बाकी सगळी मूर्ती मिळून फक्त २,०००. म्हणजे डोळ्याला जी भव्य देवी दिसते ती दोन हजारांत झाली, आणि तिच्या हातातली चिमूटभर ज्योत करायला बारा हजार लागले. हे असं का, ते कळलं की तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळालं.

रस्त्यावर पांढऱ्या रंगात ‘शाळा’ किंवा ‘हळू’ लिहिलेलं असतं, ते कधी जवळ उभं राहून बघितलंय का? अक्षरं ताणून लांबुळकी केलेली असतात. गाडीतून येणाऱ्याला मात्र ती नेटकी दिसतात. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेजवळ रंगवलेल्या जाहिराती टीव्हीवर उभ्या फलकासारख्या दिसतात, आणि मैदानात जाऊन पाहिल्या तर वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात. तीच ही युक्ती आहे. वारीतलं गोल रिंगणसुद्धा शेजारच्या गच्चीवरून लंबगोल दिसतं. तिरक्या नजरेला जमीन दबलेली दिसते, आणि जितकं लांब तितकी जास्त दबते.

मोल-थॉमसचा कॅमेरा सत्तर-ऐंशी फुटी लाकडी मनोऱ्यावर असायचा. ८० फूट धरून हिशोब करू. जमीन सपाट आहे आणि कॅमेऱ्याची काच उभी आहे असं समजा. मनोऱ्यापासून २०० फुटांवर चित्र सुरू झालं, तर २०० ते ४०० फूट हा पट्टा चित्रात जेवढी उंची घेतो, तेवढ्याच उंचीत ४०० फुटांपासून थेट क्षितिजापर्यंतचं सगळं मैदान बसतं. दुप्पट अंतरावर गेलात की रुंदी निम्मी दिसते आणि खोली पाव. म्हणजे चित्रातला तेवढाच तुकडा भरायला आठपट जमीन लागते, आणि माणसं तितकीच दाट उभी केली तर आठपट माणसंही लागतात. तिप्पट अंतरावर सत्तावीसपट. ज्योत सगळ्यात लांब होती, म्हणून तिने बारा हजार माणसं गिळली.

आता प्रत्यक्ष आखणी. आधी मनोरा बांधायचा. त्यावर ११ बाय १४ इंची काचेच्या प्लेटचा मोठा कॅमेरा चढवायचा. हव्या त्या आकृतीचं रेखाटन काचेवर काढून ती काच कॅमेऱ्यात बसवायची, म्हणजे भिंगातून दिसणारं मैदान आणि रेखाटन एकावर एक दिसतं. मग मोल वरून ध्वनिकर्ण्यातून ओरडून खालच्या मदतनिसांना सांगायचा: डावीकडे, थोडं मागे, थांब, तिथेच. आवाज पोचेनासा झाला की टोकाला पांढरं निशाण बांधलेल्या लांब काठीने खुणा करायचा. जिथे थांब म्हणाला तिथे खिळा ठोकायचा आणि खिळ्या-खिळ्यांवरून फीत पसरत जायची. अशी मैलोगणती फीत जमिनीवर लागायची. तयारीला आठवडाभर आणि माणसं जागेवर लावायला काही तास.

अशा कॅमेऱ्यात ज्याने कधी डोकं घातलंय त्यालाच या कामाचा ताण कळेल. काळ्या कापडाखाली घुसलं की मागच्या घासलेल्या काचेवर दृश्य उलटं पडतं. वरचं खाली, डावं उजवीकडे. खालचा माणूस डावीकडे सरकला की काचेवर तो उजवीकडे जाताना दिसतो. मी शिकायला होतो तेव्हा गुरुजींच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यात वीस मिनिटं डोकं घालून बसलो की बाहेर आल्यावर जग काही क्षण परकं वाटायचं. मोलने त्या उलट्या जगात हजार फुटांवरच्या माणसाला वीतभर इकडे-तिकडे केलंय. या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि ‘हं, फोटोशॉप’ असं कुणी म्हटलं की खरंच वाईट वाटतं.

छटांची गोष्टही त्यांनी विचारपूर्वक केली होती. त्यांच्याकडे रंग नव्हते. पांढरा सदरा, खाकी गणवेश आणि मोकळी जमीन एवढाच माल. त्या काळच्या बहुतेक प्लेटना लाल-तांबूस रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे खाकी कापड आणि चेहरे डोळ्याला दिसतात त्याहून गडद उमटायचे आणि पांढरा सदरा झळकून उठायचा. विल्सनच्या चेहऱ्यावरच्या सावल्या बघा. गाल, हनुवटी, चष्मा, सगळं या दोन-तीन छटांत बसवलंय. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या कुणालाही हे चटकन उमजेल. फक्त इथे प्रत्येक ठिपक्याला पाय होते, आणि त्याला ऊन लागत होतं.

ऊन म्हणजे खरंच ऊन. कॅम्प डॉजला त्या दिवशी पारा १०५ अंश फॅरनहाइटच्या आसपास होता असं सांगतात, आणि जवानांच्या अंगात लोकरी गणवेश. कित्येक जण भोवळ येऊन पडले. युद्धकर्जाच्या रोख्यांची विक्री वाढावी म्हणून हा फोटो काढला, पण त्या कामी तो शेवटी वापरलाच गेला नाही. कॅम्प शर्मनची गोष्ट तर बघवत नाही. ज्या वर्षी तिथे विल्सनचा चेहरा उभा राहिला, त्याच वर्षीच्या शरदात इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्या छावणीत हजारावर माणसं दगावली. तो फोटो पाहताना मला राष्ट्राध्यक्ष दिसायच्या आधी ही गोष्ट आठवते.

मोल-थॉमसनंतर या कामात नाव घ्यावं असा माणूस म्हणजे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा यूजीन गोल्डबेक. त्याचा मूळ हातखंडा लांबलचक पॅनोरामाचा. त्याचा कॅमेरा चावीवर गोल फिरत फिल्म उलगडत जायचा. अशा फोटोत एखादा चपळ पोरगा एका टोकाचा फोटो झाला की मागून धावत दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि एकाच फोटोत दोनदा यायचा. गोल्डबेकने १९४७ च्या जुलैत लॅकलँड हवाई तळावर २१,७६५ जणांचं हवाई दलाचं बोधचिन्ह केलं, त्यासाठी २०० फुटी मनोरा उभारला. मनोरा उंच केला की नजर कमी तिरकी होते, लांबची जमीन कमी दबते आणि मागची माणसं जरा ओळखू येतात. या धंद्यात पैसा कशावर घालावा असं कुणी विचारलं तर मी उंचीच सांगेन.

आता तुमची शाळा. आधी माझी एक चूक सांगतो, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून. सतराएक वर्षांपूर्वी एका शाळेसाठी समईची आकृती करायची होती. फोटो काढायची जागा म्हणजे मैदानाच्या कडेची पाण्याची टाकी, साधारण चाळीस फूट उंच. मी आलेख-कागदावर झकास समई काढली, पीटीच्या सरांनी एका चौकटीला दोन फूट धरून खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, फक्की मारली. मैदानावर उभं राहून पाहिलं तर अगदी हुबेहूब. सातशे मुलं बसवली आणि मी टाकीवर चढलो. वर पोचलो आणि पोटात गोळा आला. खाली समई नव्हती, परात होती. दांडा दबून गेलेला आणि ज्योत म्हणजे एक आडवी रेघ. मुलं तासभर उन्हात होती, पाहुणे आले होते. तोच फोटो काढावा लागला. मुख्याध्यापिका बाईंनी काही बोलून दाखवलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी त्याच शाळेने पुन्हा बोलावलं, हा त्यांचा मोठेपणा. त्या वेळी मी आदल्या दिवशी खिडकीच्या तावदानाची काच घेऊन टाकीवर गेलो. काचेवर मार्करने समई काढली. काच चौकटीत घट्ट बसवली आणि डोळ्यासाठी पुठ्ठ्याला भोक पाडून तोही पक्का केला, म्हणजे नजरेची जागा हलणार नाही. त्या भोकातून बघत खाली दोन शिक्षकांना मोबाईलवर सांगत गेलो. शंभर वर्षांपूर्वीची मोलची पद्धत, ध्वनिकर्ण्याच्या जागी मोबाईल एवढाच फरक. संध्याकाळी खाली उतरून पाहिलं तर मैदानावर एक राक्षसी, ताणलेली, ओळखू न येणारी आकृती पसरली होती. पीटीचे सर घाबरले. म्हटलं, सर, वर चला. भोकातून त्यांनी बघितलं आणि काही न बोलता माझा हात घट्ट धरला.

यात एक बारकावा आहे, तो नीट वाचा. फक्की जमिनीवर असते, पण फोटोत दिसतं ते मुलाचं डोकं. चाळीस फुटांच्या टाकीवरून २०० फुटांवरचा साडेचार फुटी मुलगा आपल्या मागची सुमारे २५ फूट जमीन झाकतो. मोलच्या मनोऱ्यावरून हजार फुटांवरचा जवान सत्तर फुटांहून जास्त जमीन झाकत असणार. म्हणून आखणी करताना मदतनिसाच्या हातात मुलांच्या उंचीची काठी द्या, तिच्या टोकाला टोपी अडकवा, आणि काचेवरच्या रेघेवर ती टोपी आली की काठीचा पाय जिथे टेकला असेल तिथे फक्की मारा. एवढं केलंत तर कडा नेमक्या जागी येतात, नाहीतर आकृती वरच्या बाजूला फुगते. याचाच दुसरा फायदाही घ्या. लांबच्या भागात मुलं एकमेकांना झाकतातच, तेव्हा तिथे दोन ओळींत अंतर वाढवलं तरी फोटोत फट दिसत नाही. ओळीत मात्र खांद्याला खांदा हवा. बाराशे मुलांत काम भागवायचं तर हा उपाय लागेलच.

आकृती साधी निवडा. ‘५०’ हा आकडा आणि त्यावर एक ज्योत, बस. चेहरे, शाळेची इमारत, बोधवाक्य असल्या फंदात पडू नका. बाराशे ठिपक्यांत ते मावत नाही. लहान वर्ग जवळ बसवा, मोठे लांब उभे करा. पांढऱ्या सदऱ्यांच्या भोवती गडद कपड्यांची एक ओळ ठेवलीत तर आकृती उठून दिसते. वेळ सकाळी साडेसात-आठची. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे किंवा बाजूला असावा. मुलांना जागा आदल्या दिवशी वर्गवार दाखवून ठेवा म्हणजे सकाळी वीस मिनिटांत सगळं उरकतं. पाणी आणि दोन जाणत्या बायका-पुरुष प्रत्येक गटापाशी असू द्या. कॅम्प डॉजला जवान पडले, ही तर मुलं आहेत.

ड्रोन वापरायचा असेल तर वापरा, परवानगी आणि जाणकार चालवणारा बघून. थेट डोक्यावरून फोटो काढला तर कागदावरची आकृती जशीच्या तशी मैदानावर उतरवता येते, काचेचा खटाटोप नको. फक्त वरून बघताना मूल म्हणजे काळ्या केसांचा एक ठिपका. पांढरा गणवेश खांद्यांपुरताच दिसतो. म्हणून डोक्यावर रंगीत टोपी द्या किंवा पुठ्ठा धरायला लावा. माझं मत विचाराल तर मी तिरकाच फोटो काढेन. त्यात निदान पुढच्या चार ओळींतली मुलं मान वर करून हसताना दिसतात.

आणि मागच्या मुलांसाठी एक काम करा. दुसऱ्या वर्षीच्या त्या समईचा मोठा फोटो शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागला, तेव्हा सातवीतला एक मुलगा त्याच्यासमोर नाक लावून उभा होता. ज्योतीत होता तो, सगळ्यात शेवटच्या ओळीत. बराच वेळ शोधून मला विचारलं, “सर, मी कुठाय?” मी बोट ठेवलं तिथे नुसता पांढरा कण होता. त्याने मान डोलावली आणि गेला. तेव्हापासून मी टाकीवरचा फोटो झाला की मुलांना हलू देत नाही. कॅमेरा घेऊन खाली उतरतो, मैदान ओलांडून थेट ज्योतीपाशी जातो आणि तिथल्या मुलांचा त्यांच्याच समोर उभा राहून एक फोटो काढतो. दहा मिनिटं लागतात. तुम्हीही फोटोग्राफरला हे आधीच सांगून ठेवा, आणि दोन्ही फोटो एकाच चौकटीत लावा.